लढायची तयारी आणि लढायची खुमखुमी

स्वसंरक्षणावर आपल्या समाजात दोनच प्रकारची भाषणे ऐकायला मिळतात. पहिले जयंतीच्या स्टेजवरचे. वक्ते मूठ आवळून सांगतात, कुणी वाकड्या नजरेने पाहिले तर त्याचे डोळे काढून हातात द्या. टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात आणि वक्ते रात्रीच्या गाडीने आपल्या गावी निघून जातात. दुसरे भाषण घरातले, ते आई करते. "मान खाली घालून जा. कुणी काही बोललं तर ऐकलंच नाही असं कर. आपल्याला कोर्टकचेरी परवडायची नाही." आम्ही पेशाने कारकून. दिवसा कार्यालयात फायली आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज, पोलीस ठाणे, दवाखाना, असा आमचा वीस-बावीस वर्षांचा परिपाठ आहे. या दोन्ही भाषणांनी आपल्या मुलामुलींचे सारखेच नुकसान केलेले आम्ही पाहिले आहे. स्टेजवरचे भाषण ऐकून पोरगा लॉकअपमध्ये जातो. घरातले भाषण ऐकून पोरगी वर्षभर मुकाट्याने सोसते आणि शेवटी कॉलेज किंवा नोकरी सोडून घरी बसते.

म्हणून आम्ही आमच्यापुरता एक विचार पक्का केला आहे आणि तोच आज बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. लढायची तयारी प्रत्येकाने ठेवली पाहिजे. लढायची खुमखुमी कुणीही ठेवू नये. तयारी म्हणजे अंगावर हात पडलाच तर काय करायचे हे आधी ठरलेले असणे, ते शरीराच्या सवयीचे झालेले असणे, आणि त्यानंतर कोणत्या दारात जायचे व कोणता कागद करायचा हे माहीत असणे. खुमखुमी म्हणजे हात कधी पडतोय याची वाट पाहणे. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. मारामारीच्या शेवटच्या दहा सेकंदांत मात्र त्यांतला फरक उघडा पडतो.

आमच्या ओळखीतल्या एका तरुणाचे उदाहरण घ्या. नाव-गाव सांगत नाही, कारण त्याचे आयुष्य अजून सावरते आहे. बाप सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगा भरतीच्या परीक्षेत पास झाला, मैदानी चाचणी पार पडली, ऑर्डर यायची तेवढी बाकी. एका रात्री नाक्यावर एका दारुड्याने त्याला जातीवरून शिवी दिली, कॉलर धरली आणि थोबाडीत मारली. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा पोराने त्याला जोरात ढकलले. तो पडला. इथपर्यंत पोराचे काहीही चुकले नव्हते, हे आम्ही कुठेही छातीठोकपणे सांगू. पण पडलेल्या माणसाला त्याने वर दोन लाथा घातल्या. बरगडी मोडली. समोरच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यात शिवी ऐकू येत नाही, लाथा मात्र स्वच्छ दिसतात. गुन्हा पोरावर नोंदला गेला, चारित्र्य पडताळणीत तो वर आला आणि ऑर्डर अडकली ती अडकलीच.

आम्ही बी.कॉम. झालेलो, त्यामुळे जमाखर्चाच्या भाषेत बोलायची आम्हाला खोड आहे. ढकलण्याने त्या पोराच्या जमेला काय आले? मार थांबला. दोन लाथांनी काय आले? काही नाही; मार आधीच थांबला होता. खर्चाच्या बाजूला मात्र बापाने तीस वर्षे झाडू मारून उभी केलेली शिडी पडली. श्रीमंताच्या पोराने अशा दोन लाथा मारल्या तर वकील येतो, तडजोड होते, पोरगा परदेशी शिकायला जातो. आपल्या पोराला तो खर्च परवडत नाही. हे अन्यायाचे आहे, पण खरे आहे.

जाता जाता एक. अशा वेळी पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा लपवून टाका असा सल्ला देणारे महाभाग प्रत्येक वस्तीत असतात. त्यांचे ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात याचा सविस्तर ऊहापोह केला आहे. खरी माहिती दिली तर गुन्हा किरकोळ आहे की गंभीर, त्याचा निकाल काय लागला, हे पाहून विचार होऊ शकतो. लपवले, तर लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. "आपण हात उचलला की आपण गुन्हेगार," ही समजूत आपल्या घराघरात आहे आणि ती साफ चुकीची आहे. स्वतःचा बचाव करणे हा हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. हा हक्क केवळ आपल्या अंगापुरता नाही. शेजारणीला कुणी मारत असेल, रस्त्यात अनोळखी मुलीला कुणी ओढत असेल, तर तिच्या बचावासाठी बळ वापरण्याचा हक्कही तुम्हाला आहे. कलम ३८ मध्ये असे प्रसंग दिले आहेत की ज्यांत बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण हे त्यांत आहे. अ‍ॅसिड फेकण्याचा प्रसंग २०१३ च्या दुरुस्तीने त्यात घातला गेला.

या हक्काला कुंपण आहे ते कलम ३७ चे. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क राहत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व मुद्दे एकत्र मांडले आहेत. भर हल्ल्यात सापडलेल्या माणसाने सोनाराच्या तराजूत तोलून घाव घालावा अशी अपेक्षा नाही. कायदा पाळणाऱ्याने भ्याडासारखे पळून जावे असेही नाही. मात्र भीती संपली की हक्कही संपतो. हा हक्क बचावाचा आहे, सूड उगवण्याचा नाही. वरच्या उदाहरणातला धक्का कुंपणाच्या आत होता आणि लाथा बाहेर. एवढी एक रेघ प्रत्येक आईबापाने मुलांना शाळेत असतानाच समजावून सांगितली पाहिजे. शाळा सांगणार नाही.

काही तरुण आम्हाला म्हणतात, "काका, तुम्ही आम्हाला नेभळट बनवताय." त्यांना आम्ही महाड आठवायला सांगतो. १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, हे आपल्या लहान पोरांनाही पाठ असते. त्यानंतर दुपारी काय झाले ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. लोक जेवत होते, काही गावाला परतायच्या तयारीत होते. अन्न मातीत मिसळले गेले. गल्लीबोळांत एकेकट्या सापडलेल्या माणसांना गाठून मारले गेले. काहींना मुसलमान कुटुंबांनी घरात घेतले म्हणून ते वाचले.

इकडे बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या बंगल्यावर शंभराहून अधिक माणसे जमली होती. त्यांत पलटणीत नोकरी केलेले गडी होते. ही माणसे दुबळी नव्हती, लाठी कशी चालवायची ते त्यांना महाडच्या जमावापेक्षा कितीतरी चांगले येत होते. ती फक्त एका शब्दाची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी शांत राहायला सांगितले, जखमींची व्यवस्था पाहिली आणि प्रकरण पोलिसांत नेले. पुढे खटला चालला, हल्लेखोरांपैकी काहींना सक्तमजुरी झाली. आणि तळ्याचा खटला दहा वर्षे लढून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला.

आमच्या मते महाडचा अर्थ "मार खा आणि गप्प बसा" असा मुळीच नाही. ज्यांच्याकडे ताकद नव्हती ते गप्प बसले असते तर त्यात सांगण्यासारखे काय होते? ताकद होती आणि ती नेमकी कधी खर्च करायची नाही हे ठरवता आले, यात त्या दिवसाचे मोठेपण आहे. त्या संध्याकाळी सूड घेतला असता तर दोन्हीकडची डोकी फुटली असती, गुन्हे दोन्हीकडे दाखल झाले असते, आणि खेड्यापाड्यांत परतणारी आपली एकटीदुकटी माणसे वाटेत कापली गेली असती.

धम्माचा प्रश्नही इथेच येतो. पहिले शील घेतलेल्या माणसाने हात उचलावा का, असे उपासिका आम्हाला विचारतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत स्पष्ट भेद केला आहे. अहिंसेकडे त्यांनी आंधळा नियम म्हणून पाहिले नाही, तत्त्व म्हणून पाहिले. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक ठेवते. लेकीच्या अंगावर धावून आलेल्याला आईने पाटा उचलून मारला तर तिथे गरज आहे. त्याच रात्री त्याच्या घरावर दगड टाकायला निघालो तर तिथे इच्छा आहे. आम्हाला तरी शील आणि स्वसंरक्षण यांत भांडण दिसत नाही.

आता प्रत्यक्ष अंगमेहनतीकडे येऊ, कारण नुसत्या विचाराने मनगट सुटत नाही.

आमच्या विहाराच्या हॉलमध्ये आम्ही काही कार्यकर्ते रविवारी सकाळी मुलामुलींचा वर्ग घेतो. शिकवायला एक निवृत्त हवालदार येतात, सगळे त्यांना हवालदार काका म्हणतात. पहिल्या दिवशी एक मुलगा कराटेचा ब्राऊन बेल्ट बांधून आला. पांढरा ड्रेस, उंच लाथ, तोंडाने आवाज. काकांनी त्याला त्याची रोजची पँट आणि चप्पल घालून जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभे केले, पाठीला दप्तर दिले आणि दोन मुलांना सांगितले, याला भिंतीला रेटा. पाय उचलायला जागाच नव्हती. पोरगा लाजला, पण तोच आता आमचा सर्वांत चांगला विद्यार्थी आहे. कराटे वाईट नाही. व्यायाम होतो, शिस्त लागते, भीड चेपते. पण ज्या क्लासमध्ये समोरचा माणूस ठरल्याप्रमाणे ठोसा मारतो आणि ठरल्याप्रमाणे पडतो, तिथे पट्ट्यांचे रंग बदलतात आणि महिन्याची फी जाते, बाकी फारसे काही पदरात पडत नाही. आईबापांनी क्लास निवडताना एवढेच विचारावे की समोरचा जोर लावून प्रतिकार करतो का. कुस्तीच्या तालमीत तो करतो, ज्युदोत करतो, बॉक्सिंगमध्ये करतो.

हा धडा जगात आधीही कुणीतरी शिकलेला आहे. इमी लिख्टेनफेल्ड नावाचा एक ज्यू तरुण ब्रातिस्लाव्हा शहरात वाढला. कुस्ती आणि बॉक्सिंग या दोन्हींत त्याने नाव मिळवले होते. १९३० नंतरच्या दशकात तिथल्या फॅसिस्ट टोळ्या ज्यूंच्या मोहल्ल्यांत घुसून मारहाण करू लागल्या. इमीने आपल्यासारखे खेळाडू गोळा करून मोहल्ला राखायला सुरुवात केली, तेव्हा त्याला कळले की आखाड्यातली कला रस्त्यावर जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. रस्त्यावर पंच नसतो, वजनी गट नसतो, आणि समोरचा एकटा येत नाही. त्यातून त्याने साध्या, झटपट हालचालींची पद्धत बसवली. तीच पुढे क्राव मागा म्हणून इस्रायली सैन्यात शिकवली गेली आणि आता मुंबई-पुण्यातही तिचे महागडे क्लास निघाले आहेत. त्या सैन्याच्या राजकारणाशी आमचा काही संबंध नाही. दुसऱ्याच्या दारात जाऊन वापरलेल्या विद्येला आम्ही संरक्षण म्हणणार नाही. मोहल्ला राखायला उभ्या राहिलेल्या त्या पोरांची गोष्ट मात्र आपल्या वस्तीला ओळखीची वाटते.

खऱ्या प्रसंगात शरीराचे काय होते हे आधी माहीत असले म्हणजे घाबरगुंडी कमी होते. छाती धडधडते, हात थरथरतात, तोंड कोरडे पडते, नजरेसमोर फक्त तो एक माणूस दिसतो, आजूबाजूचे दिसेनासे होते. बारीक बोटांची कामे जमत नाहीत. मोबाईलचे कुलूप उघडत नाही, पर्सची चेन सापडत नाही. कित्येकजण जागच्या जागी थिजतात. हा भ्याडपणा नव्हे, ही शरीराची रीत आहे. म्हणून "तू ओरडली का नाहीस?" असे मुलीला विचारणाऱ्यांची आम्हाला चीड येते. थिजलेले शरीर सोडवायचा उपाय म्हणजे आवाज, आणि आवाजाचीही सवय लागते. आमच्या वर्गात पहिले दोन रविवार फक्त ओरडण्यात जातात. "मागे हो!" हे दोन शब्द पोटातून काढायला आपल्या मुलींना किती जड जाते! चार भिंतींच्या आत बारा-पंधरा जणी असूनही पहिल्या दिवशी आवाज घशातच राहतो. जन्मभर "हळू बोल" ऐकलेले असते.

हालचाली मोजक्याच शिकवल्या जातात. मनगट धरले तर अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा, कारण पकडीची फट तिथेच असते. मूठ वळून मारण्यापेक्षा तळहाताच्या टाचेने नाकावर खालून वर मारणे बरे, आपली बोटे मोडत नाहीत. जवळ आला तर कोपर, त्याहून जवळ आला तर गुडघा, मागून धरला तर चपलेच्या टाचेने त्याच्या पावलावर. आणि हे सर्व कशासाठी, तर पळायला दोन सेकंद मिळावेत यासाठी. मारून जिंकायचे नाही, मारून निसटायचे. हवालदार काका म्हणतात, "पळता येतंय तोवर पळा. पळता येत नसेल तर असं लढा की पळता यावं." दोघांत हाताला हात लागणार नाही एवढे अंतर राखणे, चढण्याआधी डब्यात कोण आहे ते पाहणे, लिफ्टमध्ये मन कचरले तर सरळ जिना धरणे, रात्री कानात वायर घालून न चालणे, हे तर मारामारीच्या कितीतरी आधीचे आणि जास्त उपयोगाचे.

चाकू मात्र कुणीही जवळ बाळगू नये. आमच्याकडे या बाबतीत हो-नाही नाही. पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) खाली शहरात वारंवार मनाईहुकूम निघतात, तेव्हा शस्त्र काय, साधी लाठी जवळ सापडली तरी प्रकरण होते. शिवाय खिशात चाकू असलेला माणूस पळायचा विचारच करत नाही.

आतापर्यंत आपण नाक्यावरच्या अनोळखी गुंडाविषयी बोललो, कारण डोळ्यांसमोर तोच येतो. वास्तविक पाहता स्त्रियांना धोका बहुतांशी ओळखीच्या माणसाकडून असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाचे आकडे वर्षानुवर्षे हेच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी तिच्या परिचयातले असतात. नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचे वचन देणारा. अनोळखी माणसाच्या नाकावर मारायला हात एकवेळ उठेल, मावशीच्या दिरावर कसा उठेल? कॅनडातील शार्लीन सेन यांनी तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना माहितीपत्रके दिली, निम्म्यांना बारा तासांचे शिक्षण दिले. त्यात धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाला नकार देताना वाटणारा संकोच मोडणे आणि अंगाने प्रतिकार करणे हे सर्व होते. वर्षभरात पहिल्या गटात बलात्काराचे प्रमाण ९.८ टक्के राहिले, दुसऱ्यात ५.२ टक्के. बारा तासांत जवळपास निम्मे! दोष हल्लेखोराचाच, शिक्षा त्यालाच व्हावी, यात वाद नाही. पण तोवर आपल्या मुलीच्या हाती काही असू नये का? आणि मुलीच्या अंगात ते बळ यायचे तर आधी घरात तिच्या "नाही"ला किंमत हवी. पाहुण्याच्या मांडीवर बसायचे नाही असे पाच वर्षांची पोर म्हणाली तर तिला दटावू नका.

घराचा विषय निघालाच आहे तर स्पष्टच लिहितो, कुणाला झोंबले तरी. वस्तीतल्या बायांच्या अंगावरचे बहुतेक वळ बाहेरच्या कुणी उठवलेले नसतात. ते दारू पिऊन आलेल्या नवऱ्याने उठवलेले असतात, आणि त्याच घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. जयंतीला मुठी आवळणारे याबद्दल बोलत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने अशा बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश आणि खर्च मागता येतो, आणि त्यासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. नवऱ्याचा उगारलेला हात धरणाऱ्या बाईलाही स्वसंरक्षणाचा तोच हक्क आहे जो नाक्यावरच्या पोराला आहे. कायद्याने त्यात नवरा-बायको असा भेद केलेला नाही.

आता शेवटचा भाग, आमच्या पेशाचा. मार थांबला, माणूस सुटला, पुढे काय? इथे आपले लोक फार मागे पडतात. मार खाल्लेला माणूस घरी जाऊन झोपतो, आणि मारणारा त्याच रात्री ठाण्यात जाऊन उलट फिर्याद देतो. अत्याचाराची तक्रार होणार असे दिसले की आपल्यावर चोरी-दरोड्याची फिर्याद आधी पडते, हा खेड्यातला जुना डाव आहे. म्हणून त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, हालचाल झाली पाहिजे. जखम असेल तर प्रथम सरकारी दवाखाना. मारहाणीने जखम झाली असे डॉक्टरला स्पष्ट सांगा, म्हणजे ते पोलीस केस म्हणून नोंद करतात. "जिन्यावरून पडलो" असे लाजेखातर सांगितले की पुढची सर्व केस त्या एका ओळीत बुडते. नंतर फिर्याद. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचे कारण सांगून ठाण्याला तुम्हाला परत पाठवता येत नाही, आणि फिर्यादीची प्रत मोफत मिळाली पाहिजे. घेतच नसतील तर तीच हकीकत लेखी करून पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, स्पीड पोस्टाने पाठवावी. पोस्टाची पावती जपावी. तरीही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते.

जातीवरून शिवी दिली असेल तर नेमका शब्द, जसाच्या तसा, फिर्यादीत आला पाहिजे. "जातिवाचक अपशब्द वापरले" एवढ्याने भागत नाही. कुठे दिली, कुणाच्या समोर दिली, तेही हवे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. २०१८ साली कलम १८-अ घालून हे स्पष्ट करण्यात आले. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. आपला जातीचा दाखला घरात कोणत्या पेटीत आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असावे. या कामी १४५६६ हा राष्ट्रीय हेल्पलाईनचा क्रमांक आहे. तातडीच्या वेळी कुठेही ११२.

कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते जतन करावे असा अर्ज दुसऱ्याच दिवशी ठाण्यात द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. आमच्या कार्यालयात आम्ही रोज हेच पाहतो.

आमच्या वर्गात म्हणूनच शेवटचा अर्धा तास लिखाणाचा असतो. दम लागलेला असताना, हात थरथरत असताना, मुलांनी एक पानभर हकीकत लिहायची: तारीख, वेळ, ठिकाण, कोण, काय बोलला, काय केले, कोणी पाहिले. सुरुवातीला चार ओळी होत नाहीत. नंतर नंतर पोरे इतकी तरबेज होतात की भाजीवाल्याशी झालेल्या भांडणाचीही हकीकत लिहून आणतात. इतर विहारांतून असा वर्ग सुरू करायचा असेल तर खर्च जवळजवळ नाही. एक हॉल, दोन जुन्या गाद्या, तालमीतला किंवा पलटणीतला एखादा जाणता माणूस आणि मुलींच्या बाजूने उभी राहणारी एखादी ताई मिळाली की झाले. मुलामुलींनी रोज ज्या कपड्यांत कामाला किंवा कॉलेजला जातात त्याच कपड्यांत, चप्पल घालूनच यावे. साडी नेसणाऱ्या भगिनींनी साडीत यावे. सोबत नेहमीची पिशवी, एक वही आणि पेन.